तापलेल्या चाकांवरचं पाणी

दादाच्या पिकअपचा ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. आधी बारीक, मग उतार वाढेल तसं जोरात, आणि मागे हौद्यात जे काही असेल ते खडखडायचं. मी शेजारच्या सीटवर असले की ती थरथर माझ्या मांडीवरच्या डब्यापर्यंत पोचायची. डब्याचं झाकण वाजायचं. मी ते हाताने दाबून धरायचे. सगळा आवाज काही डब्याचा नव्हता, पण माझ्या हातात तेवढंच होतं.

ज्यांचा गाडीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या चाकांच्या आत लोखंडाची एकेक गोल तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. तबकडी सपाट असेल तर आतल्या माणसाला काही कळतही नाही. ती केसभर वाकली तरी पॅड तिच्यावर धड बसत नाहीत, पायाखालचं पॅडल उसळू लागतं आणि सगळी गाडी हलते.

ड्रायव्हर लोकांत वाकडी डिस्क म्हणजे बदनामी. टायर झिजला तर रस्त्याला शिव्या देता येतात, क्लच गेला तर ओझ्याला. डिस्क वाकली की सगळे ड्रायव्हरच्या पायाकडे बघतात. हा उतारावर गिअर बदलत नाही, सगळा भार ब्रेकवर टाकतो, पाय उचलतच नाही, असा त्याचा अर्थ काढतात. पावसच्या नाक्यावर दादा गाडी लावायचा तिथे त्याचं रोज स्वागत व्हायचं.

"काय रे, आज ब्रेकवर पाय ठेवून किती झोपलास?"

"त्याला नको विचारू, तो घाट उतरताना डोळे मिटून देवाचं नाव घेतो. ब्रेक देव मारतो."

दादा हसायचा. मी खाली उतरले की ते सगळे गप्प व्हायचे, कोणी तरी घसा साफ करायचं, कोणी म्हणायचं, "काय ताई, कॉलेजात?" माझ्यासमोर दादाला बोलायचं नाही एवढा मान ते मला देत होते. त्या मानाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील मुंबईला एका हॉटेलात भटारखान्यात होते. मी शाळेत असतानाच ते गेले. दादा दहावीनंतर दुसऱ्यांच्या गाड्यांवर जाऊ लागला आणि मी रत्नागिरीला कॉलेजात. तो चिऱ्यांच्या गाडीवर असताना मी भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचत होते. आता मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माझा पगार सुरू झाला तेव्हा त्याच्या आधारावर कर्ज काढून आम्ही ही पिकअप घेतली. गाडी रंगवणाऱ्याकडून दादाने पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतलं, आणि मला न विचारता त्याच्याखाली 'बहीण बी.एस्सी.'

मी हात जोडले. म्हटलं, दादा, पुसून टाक.

"का गो? खोटं हाय काय?"

खोटं नव्हतं.  थरथरणारी गाडी आणि तिच्या कपाळावर माझी पदवी.

बरं, दादाचं गाडी चालवणं मी जवळून बघत आले आहे. आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. वर सगळा कातळ, आणि तिथून खाली समुद्राच्या बाजूला रस्ता असा उतरतो की नवखा माणूस दाराची कडी धरून बसतो. दादा उतार लागायच्या आधीच दुसऱ्या गिअरमध्ये यायचा. इंजिन घुमायचं, गाडी त्याच्या जोरावर रोखलेली राहायची आणि ब्रेक तो थोडा मारून सोडायचा, थोडा मारून सोडायचा. धरून कधी ठेवायचा नाही. चाक बदललं तर नट एका मागोमाग एक आवळत जायचा नाही. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, सगळे थोडे थोडे, मग पुन्हा पहिल्यापासून. एकीकडे जास्त ताण आला तर डिस्क ओढली जाते, हे त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं होतं. एवढं सगळं करणाऱ्याची डिस्क वाकते कशी, हे मला कळत नव्हतं. एकदा लेथवर घासून सपाट करून आणली, पुन्हा वाकली. नवी टाकली, तीही गेली. घासली की डिस्क पातळ होते आणि पातळ झाली की आणखी लवकर वाकते, हे मी मोबाइलवर वाचलं. माझ्या मनात येऊ नये ते आलं, की आपल्या डोळ्यांसमोर हा असा चालवतो, पण कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात एकटा असताना कसा चालवत असेल कोण जाणे.

आंब्याचा हंगाम भरात होता. पावसचे एक बागायतदार काका त्यांच्या पेट्या दादाच्या गाडीतून कोल्हापूरला पाठवायचे. परतताना दादा आमच्या बाजूच्या दुकानांसाठी कांदे-बटाटे आणि पेंडीची पोती भरून आणायचा. काकांच्या खेपा म्हणजे आमचं वर्ष. एका सकाळी काकांना रत्नागिरीत काम होतं म्हणून ते आमच्याबरोबर निघाले. मी मध्ये, काका खिडकीशी. गोळपचा सडा संपून गाडी भाट्याकडे उतरायला लागली आणि दादाने ब्रेकला पाय लावला. डबा वाजला.

"हे काय रे?" काका म्हणाले.

"डिस्क हाय काका. बघतंय."

"गेल्या महिन्यातही बघतच होतास. कोल्हापुरात पेट्या उघडतात तेव्हा वरच्या थराला डाग. दलाल मला फोनवर विचारतो, आंबे पाठवलेत की चेंडू?"

दादा रस्त्याकडे बघत राहिला. काकांनी काचेकडे मान केली. अक्षरं आतून उलटी दिसत होती.

"बहिणीला बी.एस्सी. केलंस ना? मग तिलाच सांग आता, ब्रेक कसा मारायचा ते शिकवायला."

मी खाली माझ्या चपलांकडे बघितलं. काका वाईट माणूस नाहीत. भाट्याचा पूल ओलांडल्यावर त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, तुझ्यावर राग नाही माझा. पण भरल्या गाडीच्या ब्रेकने घाटात दगा दिला तर आंबे जातील आणि तूही जाशील. ही खेप ने. तेवढ्यात गाडी सरळ नाही झाली तर पुढच्या मी दुसऱ्याला देतो."

"होय काका," दादा म्हणाला.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं. मी हट्टाने दादाबरोबर एमआयडीसीतल्या गॅरेजात गेले. दादा नको नको म्हणत होता. मेकॅनिकने चाक उतरवलं, डिस्क हाताने फिरवली, आणि तिच्यावरचे निळसर पट्टे बघून म्हणाला, "पुन्हा? तुला मागेच सांगितलेलं ना मेल्या, पाणी..."

दादाने त्याच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे, आणि म्हणाला, "पाणी पितो जरा. तापलंय केवढं." तो खरंच उठून पाणी प्यायला.

नव्या डिस्क बसवून आम्ही निघालो. भाट्याच्या पुलावर मी विचारलं, "कसलं पाणी?"

दादाने पूल संपवला. पुढे सुरूच्या बनाच्या कडेला गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आई ओतते तेच," तो म्हणाला.

ते मीही कितीदा बघितलं होतं. बाहेरून माणूस आला की आमच्याकडे आधी त्याच्या पायांवर पाणी. पायरीशी बादली आणि तांब्या भरलेलाच असतो. गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, कारण पुढची चाकं म्हणजे गाडीचे पाय. ते सगळेच करतात. पण आईने पुढे ते सोडलंच नाही. दादा लांबून आला की आधी गाडीच्या पायांवर अर्धी अर्धी बादली, मग दादाच्या पायांवर. भरली गाडी घाट आणि आमचा उतार उतरून आलेली असायची. पाणी पडलं की चाकाच्या आतून चर्रर्र आवाज यायचा, वाफ निघायची, आणि आई समाधानाने म्हणायची, "बघ कसा सुस्कारा सोडला. दमलेली गो बाय माझी."

तापलेला धातू एकदम आणि एकाच बाजूने थंड केला तर तो आकसून वाकतो, हे मी शाळेपासून पाठ केलं होतं. आणि ती वाफ माझ्या डोळ्यांसमोर निघत होती. पण मला ती वाफ आईचीच वाटायची, भातावरच्या वाफेसारखी. तिचा पुस्तकाशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं. म्हटलं, आई पाणी नको, गाडी थंड होऊ दे. तर म्हणते, थंड करायलाच तर ओततंय."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग तो सांगत गेला. त्याने गाडी सड्यावरच ठेवून चालत यायचा प्रयत्न केला. आई कमरेवर कळशी घेऊन उतार चढून वर गेली. "तिला वर एकटीला टाकून आलास होय?" म्हणाली. मग त्याने दुसरी युक्ती काढली. सड्यावर काजूच्या सावलीत गाडी लावायची, चाकं हाताला गार लागेपर्यंत बसायचं आणि मग वाडीत उतरायचं. आमचा उतार तो दुसऱ्या गिअरवर ब्रेक जवळजवळ न लावता उतरू शकत होता. डिस्क सरळ राहिली. पण गाडीत बसून असतो हे वाडीतल्या कोणी तरी बघितलं आणि आईला येऊन सांगितलं, तुझा मुलगा घरी यायच्या आधी सड्यावर काय करतो ते बघ. लांबच्या खेपेवरून आलेला ड्रायव्हर एकटा आडोशाला बसतो म्हणजे काय, हे कोणी वेगळं सांगायला लागत नाही.

"आई काय म्हणाली?"

"काय नाय. जवळ आली नि म्हणाली, तोंडाला काय लागलंय तुझ्या बघू. वास घेतलान." दादा समोर बघत होता. "दुसऱ्या दिवशी पण घेतलान. बाबांचं तुला आठवत नसेल."

मला आठवत होतं.

"मग बसायचं सोडलं. तिला धसका नको. डिस्क काय, बदलता येते."

"पण दादा, नाक्यावर लोक..."

"लोक काय. मला गाडी येते की नाय ते मला ठाऊक हाय." मग म्हणाला, "आता इतकं झाल्यावर तिला कसं सांगू? माझ्या नावाला बट्टा तिच्या हातानं लागला म्हणून? ती पाणी प्यायची सोडील गो."

मी म्हटलं, मी सांगते. समजावून सांगते, तिला वाईट वाटणार नाही असं. दादा म्हणाला, आंबे संपू देत, मग सांग. हंगामात घरात रडारड नको. तोवर कसं तरी चुकवू. मंगळवारी दादा खेपेवरून परत येताना काका रत्नागिरीत गाडीत बसणार होते, स्वतः ब्रेक बघायला, आणि खालच्या आमच्या वाडीतल्या एका कलमांच्या बागेकडेही त्यांना जायचं होतं. त्या दिवशी मी लवकर निघून त्यांच्याबरोबर यायचं आणि आईला फोन करून सांगायचं, की काका येतायत, चहा-फराळाचं बघ. आई चुलीपाशी अडकेल. तोवर चाकं निवतील. काका बघून जातील. असा आमचा बेत.

मंगळवारी गाडी लोण्यासारखी आली. भाट्याचा चढ, गोळपचा सडा, आमचा उतार. काकांनी मुद्दाम म्हटलं, "मार ब्रेक. आता मार." दादाने मारला. काही थरथरलं नाही. काका म्हणाले, "हां. आता गाडी झाली." मला इतकं हलकं वाटलं की मी खिडकीतून बाहेर बघत उगाच हसत होते. अंगणात गाडी थांबली, आणि आई दोन बादल्या घेऊन पायरीवर उभी.

काका येणार म्हणून तिने नवं लुगडं नेसलं होतं. पाहुण्यासमोर आपली रीत नीट व्हायला हवी, म्हणून एका चाकाला एक अख्खी बादली. मी दार उघडून उतरेपर्यंत तिने पहिल्या चाकावर पाणी सोडलंसुद्धा. चर्रर्र झालं. काका माझ्यामागून उतरत होते. वाफ त्यांच्या धोतरावर आली.

"अरे अरे अरे! हे काय करताय?"

आईला वाटलं त्यांना चटका बसला. "लागलं काय हो?"

"मला काय लागतंय! तापलेल्या चाकावर पाणी? अहो, डिस्क वाकते त्याने. गरम तव्यावर पाणी ओतल्यासारखं आहे ते." मग त्यांनी दादाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि मोठ्याने हसले. "म्हणजे इतके दिवस... रोज अंघोळ घालत होतात काय हिला? आणि मी याच्या पायाला बोल लावतोय!"

आई दुसरी बादली तशीच धरून उभी होती. तिने ती खाली ठेवली नाही. पाणी भरलेली बादली तिला कधी जड वाटत नाही, आयुष्यभर विहिरीवरून पाणी आणलेलं आहे तिने. पण पाणी थोडं थोडं तिच्या नव्या लुगड्यावर सांडत होतं. तिने मान वळवली. दादाला विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

काकांचं हसणं थांबलं. त्यांनाही ते ऐकायचं होतं. होय म्हटलं तर आईला कळणार, की त्याने तिच्या पाण्यासाठी नाक्यावर मान खाली घातली. नाही म्हटलं तर काका विचारणार, मग तू कसला ड्रायव्हर? मी पुढे झाले. मी सांगते म्हणाले होते. समजावून सांगायची ती वाक्यं मी रात्री अंथरुणात पाठ केली होती. त्यांतलं एकही काकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

दादा म्हणाला, "मला कुठनं? हिनं शोधून काढलं. शनिवारी गॅरेजात. मेकॅनिकलासुद्धा कळलं नव्हतं. हिनं पुस्तकातनं सांगितलं, पाण्यानं होतंय म्हणून. आज तुला सांगणारच होतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. त्याला आधीपासून ठाऊक होतं, मला नव्हतं. दोनच वाक्यं. ती बोलले असते तर त्याने जे सगळं झाकून ठेवलं होतं ते अंगणात उघडं पडलं असतं. मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं म्हणजे हो.

"वा!" काका म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण. नाही तर आम्ही सगळे याच्या पायाकडे बघत बसलो होतो." दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता बहिणीला विचारून चालव गाडी. शुक्रवारी पेट्या तयार ठेवतो."

खेप राहिली. आईच्या चेहऱ्यावर आधी जे आलं होतं ते हळूहळू ओसरलं आणि तिथे अभिमान आला. तो मी बघत होते. लेकीने पुस्तकातून काढलेली गोष्ट, वाडीत कोणालाच माहीत नव्हती, मग आईला कशी असणार? एवढी मोकळीक तिला दादाच्या एका वाक्याने मिळाली. तिने बादली खाली ठेवली, तांब्याने काकांच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "पोरगी हुशार हाय माझी. लहानपणापासनं."

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी कठीण गेले. आईने ती गोष्ट वाडीभर सांगितली. स्वतःला हसून सांगितली, "मी आपली रोज ओततंय," आणि माझ्यावर आणून संपवली. शेजारच्या काकूंनी मिक्सर आणला, तो चालत नव्हता. कोणाचा पंप पाणी ओढत नव्हता. म्हणे, ताईला दाखव. मी म्हणायचे, मला नाही हो कळत यातलं. ते म्हणायचे, बघा, किती साधी. नाक्यावर आता नवा विनोद होता. "काय रे, ताईंनी आज कुठल्या गिअरमध्ये यायला सांगितलंय?" दादा म्हणायचा, "दुसऱ्यात," आणि सगळ्यांबरोबर हसायचा. गॅरेजवाल्याला त्याने काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. रस्त्यात भेटला की तो म्हणायचा, "नमस्कार मॅडम," आणि डोळे दुसरीकडे करायचा.

मला शिकवण्यासाठी दादाने जे सोडलं ते मी कधी मोजलं नाही. मोजता येणार नाही, आणि उपकार मानायला मी कमी पडले नाही असं मला वाटायचं. पहिल्या पगारात त्याला घड्याळ आणलं होतं. पण हे वेगळं होतं. त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, गाडीची जाण. तीही त्याने सगळ्यांदेखत माझ्या नावावर करून टाकली, आणि मी ती ठेवून घेतली. मी त्याला एकदा म्हटलं, "मला लाज वाटते रे. काकांना तरी खरं सांगू या."

"लाज कसली? गाडी सरळ चालते ना?"

"पण तुला येत होतं ते..."

"तुला आता येतंय ना? मग झालं." आणि नट आवळायला खाली बसला.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी आई अंगणात कोकमांची सालं वाळत घालत होती. दादा कोल्हापूरला होता. मी तिच्याशेजारी बसून सालं पसरायला लागले आणि ठरवलं, निदान हिला तरी सांगायचं. बाहेरच्यांना दादाला जे सांगायचं ते सांगू दे. हिच्याकडून हुशार म्हणवून घेणं मला आता सोसत नव्हतं.

"आई, त्या पाण्याचं मी नव्हतं शोधलेलं."

ती सालं पसरत राहिली.

"दादाला..."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी त्याची आई हाय गो. खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज चांगला होतो."

तिच्या हातांना कोकमाचा लाल रंग लागला होता. त्याच हाताच्या मनगटाने तिने कपाळावरचे केस मागे सारले.

"सड्यावर बसायचा तो त्यासाठीच ना?" तिने विचारलं. "गाडी निववायला?"

मी मान हलवली.

"नि मी त्याच्या तोंडाचा वास घेतला." एक साल उलटं पडलं होतं, ते तिने सरळ केलं. "मी वाडीत तुझं नाव सांगत फिरतंय ते काय, मला कळत नाय म्हणून? तो सांगतो तसं राहू दे. मला कळलंय हे त्याला कळलं तर तो पुन्हा सड्यावर जाऊन बसेल, माझ्याकडे बघवणार नाय त्याला. तू गप राहायचं. तुला हुशार म्हणतात, म्हणू देत. सोस जरा."

"आणि तू?"

"मी काय," ती म्हणाली. "मी पण सोसतंय."

दुपारी दादा आला. उताराच्या वरच्या टोकाला इंजिनाचा आवाज बदलला, दुसऱ्या गिअरचा. आई पायरीवर येऊन उभी राहिली, हातात फक्त तांब्या. दादाने गाडी लावली, उतरला, आणि सवयीने आधी पुढच्या चाकाकडे बघितलं. मग आईकडे बघून म्हणाला, "काय गो, आज बी.एस्सी. घरीच?"

आई हसली. तिचं हसणंही चांगलं होतं, अगदी खऱ्यासारखं. तिने त्याच्या पायांवर पाणी घातलं. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत होते, आणि कोणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी आत जाऊन त्याचं पान वाढायला घेतलं.